तिसरं दालन

तार्तूत फेब्रुवारी. बुटांवरचा बर्फ
पायपुसण्यावर विरघळतो आणि मी सांगते:
कोट तिकडे. तिसरं दालन डावीकडे. हात लावू नका.
एवढंच माझं काम. बसायची खुर्ची संग्रहालयाची,
नोंदवहीत तिलाही क्रमांक आहे.

तूले काल्यूसारने यंदा
सन्मानाच्या पेटीत, जिथे लिंक्स उभा असायचा,
ठेवला आहे एक भुंगेरा. जिवंत.
तिळाएवढा. पाठीवर
कुणी हळद-चुना शिंपडल्यासारखी नक्षी.
वर भिंतभर अक्षरांत एकच शब्द:
वाचक.

हाच तो, शंभर वर्षं
आमच्या घुबडांची छाती, कोल्ह्यांच्या शेपट्या,
खणच्या खण फुलपाखरं पोखरणारा.
तसा तो नव्हेच, त्याची अळी. केसाळ, कणभर.
भुंगेरा बिचारा परागावर जगतो.
नाव बापाचं, भूक पोरांची.

हिल्लर त्यांना अडतीस वर्षं मारत आला.
डांबरगोळ्या, शीतपेटी, भिंग,
आणि नाकाशी धरून हुंगलेला प्रत्येक खण.
तूले त्याला म्हणाली, आता यांना तूच भरव.
त्याने तिच्याकडे पाहिलं,
जसं एखाद्या शिपायाला कुणी सांगावं,
चोराचा डबा तू पोचव.

शाळेची सहल आली. ऊकू नावाच्या पोराने
काचेवर नाक चेपून विचारलं,
हा वाचतो, तर पान कधी उलटतो?
बाई म्हणाल्या, पुढे चला.
मीही तेच म्हणाले असते.

सोमवारी आम्ही बंद असतो.
त्या सोमवारी हिल्लर खण उघडून आला,
तळहातावर एक फिकट पिवळं फुलपाखरू,
टाचणीसकट, चिठ्ठीसकट.
चष्मा पुसत राहिला. मग काच पुसली. मग पुन्हा चष्मा.
सत्त्याऐंशीचा जून, म्हणाला.
विमानतळाच्या कुंपणापाशी पकडलं होतं.
तिथे नुसतं उभं राहायलाही बंदी,
आणि माझ्या हातात जाळी.
म्हणून चिठ्ठीवर लिहिलं: अलम-पेद्या दलदल.
दलदलीला कोण विचारतंय?

विचारलं.
कुणी ती चिठ्ठी मोजली, नकाशावर ठिपका दिला.
एक मुलगी दोन उन्हाळे त्या ठिपक्यात
गुडघाभर पाण्यात हिंडली,
डास, शेवाळ, क्रॅनबेरी, आणखी डास,
आणि शेवटी प्रबंधात लिहिलं:
येथून नाहीशी झाली असावीत.

नव्हतीच जिथे, तिथून नाहीशी.
हिल्लर हसला. मी हसले नाही.
त्याने झाकण उचललं, फुलपाखरू आत ठेवलं,
आणि मी पाहिलं ते वाढणं:
लेकरापुढे ताट सारावं तसं,
हळूच, आवाज न करता.
खाऊन टाका, म्हणाला.

पहिल्या आठवड्यात पोट गेलं.
मग एक पंख गळाला, तिरका,
दोन दिवस काचेला टेकून उभा होता.
तिसऱ्या आठवड्यात चिमूटभर भुकटी,
रंग सांगता येणार नाही अशी.
टाचणी सरळ.
टाचणीखाली चिठ्ठी,
कोरीकरकरीत, एकही कोपरा न कुरतडलेला,
हिल्लरच्या पंचविशीतल्या गोल अक्षरात: अलम-पेद्या.

कागद ते खात नाहीत.
हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?
पण अडतीस वर्षं तो फक्त वाचवत आला होता,
काय उरतं ते बघायची वेळ
त्याच्यावर आली नव्हती.

काल एक बाई पेटीपाशी वाकल्या.
चिठ्ठी वाचली, मोठ्याने, सावकाश,
आणि आपल्या वहीत उतरवून घेतली.
माझ्या जिभेवर कुंपण आलं होतं. विमानतळ आला होता.
त्यांचं बोट काचेला लागलं,
तेव्हा मी खुर्चीतून म्हटलं,
हात लावू नका.